परदेशातील शाळेत बारा वर्षे

महाविद्यालयाच्या नियतकालिकासाठी काही लिहावे, असे संपादकांचे पत्र आले तेव्हा मी उकव्याच्या अंगणात धान वाळत घालीत होते. पत्रात त्यांनी विषयही सुचविला होता : "आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना बी.एड. करून परदेशातील शाळांत नोकरीस जाण्याची इच्छा असते. आपण तेथे राहून आला आहात, तेव्हा अनुभवाचे चार शब्द लिहावेत." जुन्या महाविद्यालयाला नाही म्हणणे कठीण. शिवाय मी निघाले तेव्हा असे चार शब्द मला कुणी सांगितले असते, तर माझी एक मोठी चूक टळली असती. म्हणून लिहावयास बसले आहे. कन्नड विभागाच्या वाचकांनाही यातील काही उपयोगी पडेल, असे वाटते.

आधी मी कुठची, ते सांगितले पाहिजे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, बालाघाटहून बैहरकडे जाणाऱ्या रस्त्यावर उकवा हे गाव आहे. डोंगर, साल-सागवानाचे जंगल आणि मँगनीजची भूमिगत खाण एवढीच त्याची ओळख. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि मँगनीजच्या खाणींचे मुख्य कार्यालय आजही नागपुरातच आहे. त्यामुळे भंडारा-नागपूरकडची मराठी कुटुंबे कारकुनी, हजेरी आणि मोजणीच्या कामांवर इकडे आली व राहिली. माझे वडील त्यांपैकीच एक. ते आले तेव्हा खाण एका विलायती कंपनीची होती. १९६२ मध्ये सरकारी भागीदारीची नवी कंपनी निघाली आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. बाबा मात्र शेवटपर्यंत हजेरीबाबूच राहिले.

घरी आमची झाडीपट्टीची मराठी, शाळेत हिंदी, बाजारात गोंडी आणि पवारी कानावर पडे. १९७५ साली मी बेळगावला मामांकडे शिकावयास आले. मामा रेल्वेत होते व त्यांची बदली तिकडे झाली होती. अशा रीतीने आपल्या महाविद्यालयात मला पाचवी भाषा भेटली. पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत शेजारची मैत्रीण कन्नडमधून काय विचारते ते समजत नसे. तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही दोघी अर्धे कन्नड, अर्धे मराठी बोलत परीक्षानळ्या धूत होतो. या भाषांच्या गर्दीचा पुढे परदेशात फार उपयोग झाला. पुढे धारवाडला एम.एस्‌सी. व नंतर बी.एड. करून १९८१ मध्ये मी एका अनुदानित शाळेत रसायनशास्त्र शिकवू लागले. तेथे पंधरा वर्षे काढली आणि १९९६ च्या ऑगस्टमध्ये इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा येथील एका आंतरराष्ट्रीय शाळेत रुजू झाले. त्या शाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे काय?

हा शब्द आज आपल्याकडे इतका स्वस्त झाला आहे, की तालुक्याच्या गावीही "इंटरनॅशनल स्कूल" अशी पाटी दिसते. मूळ अर्थ वेगळा होता. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाचे मुख्यालय जीनिव्हामध्ये आले आणि देशोदेशीचे अधिकारी तेथे राहावयास आले. त्यांच्या मुलांनी कोणत्या देशाचा अभ्यासक्रम शिकावा, हा प्रश्न उभा राहिला. त्यातून १९२४ मध्ये जीनिव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. वडिलांची बदली झाली तरी मुलाचे वर्ष वाया जाऊ नये आणि कोणत्याही देशातील विद्यापीठाने त्याची परीक्षा मान्य करावी, ही त्यामागची व्यावहारिक गरज होती. तिच्यातूनच १९६८ मध्ये जीनिव्हा येथे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे ज्याला सर्वजण आय.बी. म्हणतात, ती संस्था उभी राहिली. भारतात हा अभ्यासक्रम प्रथम १९७६ मध्ये कोडाईकनालच्या शाळेत आला. महाराष्ट्रात मुळशीजवळ १९९७ मध्ये निघालेले युनायटेड वर्ल्ड कॉलेज याच परंपरेतील होय. दुसरा मार्ग केंब्रिजच्या परीक्षांचा. त्यांची आय.जी.सी.एस.ई. ही दहावीच्या तोडीची परीक्षा १९८८ मध्ये प्रथम घेतली गेली.

नोकरी शोधणाऱ्याने परदेशातील शाळांचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला प्रकार भारतीय शाळांचा. आखाती देशांत आपल्या लोकांच्या मुलांसाठी समाजानेच या शाळा काढल्या. बहरैनची १९५० मधील, दुबईची १९६१ मधील, मस्कतची १९७५ मधील. येथे बहुधा केंद्रीय मंडळाचाच अभ्यासक्रम असतो आणि आपली बी.एड. पदवी सरळ चालते. दुसरा प्रकार मुत्सद्दी व मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी असलेल्या, आय.बी. किंवा केंब्रिज चालविणाऱ्या शाळांचा. माझी शाळा या प्रकारची. तिसरा प्रकार खासगी धंद्याच्या शाळांचा. त्यांच्या पाटीवर आंतरराष्ट्रीय असते, पण विद्यार्थी बहुतेक त्याच शहरातील श्रीमंतांचे असतात. यांतील काही उत्तम चालतात, काहींत दर वर्षी शिक्षक बदलतात. शाळा कोणत्या परीक्षा मंडळाशी जोडलेली आहे आणि तिला कोणत्या स्वतंत्र संस्थेने मान्यता दिली आहे, हे अर्ज करण्यापूर्वीच त्या मंडळाकडे विचारून घ्यावे. शाळेच्या माहितीपत्रकावर विसंबू नये.

अदिस अबाबा

"तू कायले चालली एवढ्या दूर? तिथं पोळी तरी भेटते का?" हा आईचा पहिला प्रश्न होता. पोळी भेटत नव्हती, पण भेटले ते फार परके नव्हते. टेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ आंबवून मोठ्या तव्यावर इंजेरा करतात. तो आपल्या आंबोळीचा थोरला भाऊ समजावा. त्यावर डाळीच्या पिठाचे शिरो वाढतात, आणि ते पहिल्यांदा खाल्ले तेव्हा मला पिठल्याचीच आठवण झाली. तेथील सनातनी ख्रिस्ती लोक बुधवार-शुक्रवारी मांस, दूध, तूप वर्ज्य करतात, त्यामुळे शाकाहारी माणसाची त्या दिवशी चंगळ होते. डाळ मात्र शिजता शिजत नसे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे, तेथे पाणी सुमारे ९२ अंशांवरच उकळते. रसायनशास्त्राच्या शिक्षिकेला हे पुस्तकातून ठाऊक होते, पण कुकरशिवाय डाळ घेऊन बसल्यावर ते खरे समजले. पुढे बारा वर्षे उत्कलनबिंदूचा पाठ मी याच डाळीपासून सुरू करीत असे.

तेथील घड्याळही निराळे. दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणून आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आपल्याकडे जुने लोक सूर्योदयापासून घटका मोजत, त्यातलाच प्रकार. वर्ष तेरा महिन्यांचे. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. सनही आपल्या सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे, त्यामुळे त्यांचे सन २००० मी १२ सप्टेंबर २००७ रोजी साजरे होताना पाहिले. लिपीत प्रत्येक व्यंजनाची सात रूपे असतात. आपल्या बाराखडीच्या ओळखीमुळे ती मला दोन महिन्यांत वाचता येऊ लागली. युरोपियन सहकाऱ्यांना त्याचे फार नवल वाटे. त्यात माझी हुशारी काही नव्हती, बाराखडी लहानपणी पाठ केल्याचा तो फायदा होता.

आणखी एक गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती. चाळिशीपुढचा कोणीही इथिओपियन मनुष्य, टॅक्सीवाला असो की अधिकारी, मी भारतीय आहे असे कळताच म्हणे, "माझे शिक्षक भारतीय होते." १९४१ मध्ये इटालियन अंमल संपल्यावर सम्राट हाइले सेलासी यांच्या सरकारने गावोगावी शाळा उघडल्या आणि भारतातून शिक्षक बोलाविले. पुढील तीन दशके आपले शिक्षक, त्यांत केरळचे पुष्कळ, दूरदूरच्या खेड्यांत जाऊन राहिले. आम्हांला तेथे जो मान मिळाला तो त्यांनी कमावलेला होता. आम्ही फक्त त्याचे व्याज खात होतो.

वर्गात

माझ्या पहिल्याच वर्गात अठरा मुले आणि अकरा देश होते. आफ्रिकी एकता संघटना १९६३ पासून अदिस अबाबातच होती (२००२ पासून तिची जागा आफ्रिकी संघाने घेतली), शिवाय संयुक्त राष्ट्रांचा आफ्रिकेसाठीचा आर्थिक आयोगही तेथेच. त्यामुळे साऱ्या खंडातील अधिकाऱ्यांची मुले आमच्याकडे येत.

मी सवयीप्रमाणे टिपणे सांगावयास सुरुवात केली. कोणी लिहून घेईना. एका मुलीने हात वर करून विचारले, "हे आपल्याला कसे कळले, ते आधी सांगाल का?" मला वाटले ही उद्धट आहे. पंधरा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता आणि खरे सांगावयाचे तर मी स्वतःलाही विचारला नव्हता. त्या रात्री मी पाठ पुन्हा नव्याने बसविला.

आय.बी.च्या शेवटच्या दोन वर्षांची रचना थोडक्यात अशी : विद्यार्थी सहा विषय घेतो, प्रत्येकाला सात गुण, म्हणजे बेचाळीस. उरलेले तीन गुण दोन गोष्टींसाठी. एक म्हणजे "आपल्याला जे कळते ते कसे कळते" याचा अभ्यास आणि दुसरी म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयावर चार हजार शब्दांपर्यंतचा निबंध. एकूण पंचेचाळीस. याखेरीज कला, खेळ आणि समाजसेवा करावी लागते. शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की प्रत्येक विषयात विद्यार्थ्याने केलेल्या कामाचे काही गुण शिक्षकच देतो आणि त्यांतील नमुने बाहेरचे परीक्षक पुन्हा तपासतात. तुम्ही सढळ हाताने गुण दिलेत तर सगळ्या वर्गाचे गुण खाली येतात. पहिल्या वर्षी माझ्या वर्गाचे आले. प्रयोगाची वही नीटनेटकी आहे म्हणून मी गुण दिले होते, आणि परीक्षकांना त्या वहीत विद्यार्थ्याचा स्वतःचा विचार हवा होता.

दुसऱ्या वर्षी सुट्टीहून परतताना मी उकव्याहून एक काळा दगड नेला. मँगनीजचे खनिज हातात घेतले की त्याचे वजन अंगठ्याला जाणवते. तो टेबलावर ठेवून मी म्हटले, "हा माझ्या गावचा. याच्यापासून काय काय होते ते शोधा." त्या एका दगडावर तीन आठवडे गेले. मँगनीजचे फिकट गुलाबी क्षार, काळा डायऑक्साइड, हिरवे मँगनेट, जांभळे परमँगनेट हे सारे रंग मुलांनी प्रयोगशाळेत पाहिले. उकव्यात लहानपणी विहिरीत टाकीत ती "लाल दवा" म्हणजे हेच परमँगनेट, हे सांगितल्यावर त्यांनी तिने जंतू कसे मरतात ते शोधून काढले. मँगनीजवाचून पोलाद चांगले होत नाही, टॉर्चच्या सेलमध्ये तेच असते, हेही त्यांनीच मला सांगितले. गॅबनहून आलेला एक अबोल मुलगा त्या दिवशी प्रथमच आपणहून उभा राहिला. त्याच्या देशात मोआंदा येथे मँगनीजची मोठी खाण आहे आणि तेथील खनिज एके काळी ७६ किलोमीटर लांबीच्या रज्जुमार्गावरून टांगत्या डब्यांतून जात असे, असे तो सांगू लागला. ती खाण १९६२ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे नवी कंपनी निघाली तेही १९६२ च. आम्ही दोघे जगाच्या दोन टोकांच्या खाणवस्त्यांतले निघालो.

आमच्या भागातील मँगनीजयुक्त खडकाला भूशास्त्रात "गोंडाइट" म्हणतात. एल. एल. फर्मोर या भूशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये गोंड लोकांवरून ते नाव दिले. ज्यांच्याबरोबर मी बाजारात बोरे खाल्ली, त्या लोकांचे नाव जगभरच्या भूशास्त्राच्या ग्रंथांत आहे, हे मला चाळिसाव्या वर्षी, परदेशात, पाठाची तयारी करताना कळले. उकव्याच्या शाळेत ते कुणी सांगितले नव्हते.

पगाराचा प्रश्न

आता ज्याविषयी बोलावयास लोक कचरतात, तिकडे वळते.

अशा शाळांत शिक्षकांच्या दोन श्रेणी असतात : बाहेरून आणलेले आणि स्थानिक. बाहेरून आणलेल्यांना पगार डॉलरमध्ये, घर, दोन वर्षांनी मायदेशी जाण्यायेण्याचे भाडे, विमा आणि मुलांचे शिक्षण मिळते. स्थानिकांना त्या देशाच्या चलनात पगार व एवढेच. आमच्या शाळेत तिसरीही एक श्रेणी होती, ती कागदावर नव्हती. भारतातून आलेल्यांना डॉलर मिळत, पण त्याच कामासाठी इंग्लंड-अमेरिकेहून आलेल्यांपेक्षा बरेच कमी. हे मला दुसऱ्या वर्षी, धारवाडकडच्या एका गणिताच्या शिक्षिकेकडून कळले. आम्ही दोघी स्वयंपाकघरात कन्नडमधून बोलत होतो. पगाराची गोष्ट त्या शाळेत इंग्रजीत बोलण्याची सोय नव्हती.

मला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. पण आमच्या प्रयोगशाळेत एक इथिओपियन सहकारी होते. अदिस अबाबा विद्यापीठाचे एम.एस्‌सी., माझ्याहून अनुभवी. परीक्षकांना वहीत काय हवे असते, हे मला त्यांनीच बसून शिकविले. त्यांचा पगार माझ्या पगाराचा एक छोटासा अंश होता. १९९८ मध्ये शिक्षकांच्या सभेत त्यांनी अगदी शांतपणे विचारले, "काम एक असेल, तर फरक कशाचा आहे?" सभा गप्प झाली. मीही गप्प बसले. माझ्या कराराचे नूतनीकरण त्याच महिन्यात व्हावयाचे होते, आणि उकव्यात बाबांच्या निवृत्तीनंतर खाणीचे क्वार्टर सोडून आमच्या दोन खोल्यांचे बांधकाम अर्धवट उभे होते. सभेनंतर ते माझ्याशी नेहमीसारखेच बोलले. "माझे पहिले शिक्षक केरळचे होते," असे म्हणून ते माझ्याकडे पाहून हसले. त्या हसण्यात टोमणा होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात इथिओपिया आणि एरिट्रिया यांच्यात युद्ध पेटले. ज्यांची मुळे एरिट्रियात होती अशा पुष्कळ कुटुंबांना देशाबाहेर घालविण्यात आले. माझ्या वर्गातील एक बाक सत्राच्या मध्येच रिकामा झाला. ती मुलगी तिची वही मागे ठेवून गेली. परदेशी शाळेच्या कुंपणाच्या आत जगातले काही येत नाही असे आम्हांला वाटत असे, तो समज त्या दिवशी संपला.

पुढल्या वर्षी आम्ही सातजणांनी सही करून पगाराविषयी व्यवस्थापनाला पत्र दिले. त्यात मी आणि धारवाडच्या बाई होतो. स्थानिक शिक्षकांच्या मुलांना फीमध्ये सवलत मिळाली, पगाराची श्रेणी मी असेपर्यंत बदलली नाही. माझी सही एक वर्ष उशिरा पडली. विद्यार्थी मित्रांनो, हे सांगण्याचे कारण एवढेच, की तेथे गेल्यावर तुम्हीही मधल्या पायरीवर उभे असाल. वरच्या पायरीकडे पाहून राग येईल. त्या वेळी खालच्या पायरीवर कोण आहे, तेही पाहावे.

निघण्यापूर्वी काय करावे

माझी मोठी चूक अशी : मी अनुदानित शाळेतील नोकरीचा सरळ राजीनामा दिला. बिनपगारी रजेचा अर्ज करून वाट पाहण्याचा धीर मला नव्हता. राजीनामा दिला की मागील नोकरी निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही, हा सर्वसाधारण नियम मी वाचलाच नव्हता. पंधरा वर्षे हातची गेली. परदेशातील शाळा निवृत्तिवेतन देत नाही. आज माझे जे काही आहे ते मी स्वतः बाजूला टाकलेले आहे, आणि पहिली चार वर्षे मी काहीच बाजूला टाकले नव्हते. म्हणून क्रमाने सांगते.

एक, आधी रजा मागावी. राजीनामा हा शेवटचा उपाय समजावा, आणि तो देण्यापूर्वी भविष्यनिर्वाह निधी व निवृत्तिवेतन यांविषयी लेखी उत्तर घ्यावे.

दोन, कागदपत्रे वेळेवर करावीत. पदवी राज्य शासनाकडून व नंतर परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. भारत २००५ मध्ये अपॉस्टिल कराराचा सदस्य झाल्यापासून सदस्य देशांसाठी तेवढ्यावर भागते. इतर देशांसाठी त्यांच्या वकिलातीचा शिक्काही लागतो. पोलीस तपासणीचा दाखला पारपत्र कार्यालयातून मिळतो. मुलांच्या सुरक्षिततेसाठी चांगल्या शाळा तो मागतातच. जी शाळा तो मागत नाही, तिच्याविषयी थोडा संशय धरावा.

तीन, करार सही करण्यापूर्वी वाचावा व कुणा जाणत्याला दाखवावा. पगार कोणत्या चलनात, घर कोणाचे, परतीचे भाडे कोणाकडे, आजारपणात काय, मुदतीपूर्वी सोडल्यास किंवा काढल्यास काय, हे सारे लेखी असावे. आखाती देशांत नोकरीच्या शेवटी मिळणारी रक्कम कायद्याने ठरलेली असते. उदाहरणार्थ, संयुक्त अरब अमिरातींत पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी एकवीस दिवसांचा मूळ पगार व त्यापुढे तीस दिवसांचा. हा हिशोब मूळ पगारावर होतो, म्हणून एकूण आकड्याकडे न पाहता मूळ पगार किती लिहिला आहे ते पाहावे. आणि आपले पारपत्र कोणाच्याही ताब्यात ठेवू नये.

चार, त्याच देशातील, त्याच श्रेणीतील दुसऱ्या शिक्षकाला पगार किती, हे जाण्यापूर्वी विचारावे. यात लाज वाटण्याचे कारण नाही. मला वाटली, म्हणून मी दोन वर्षे अज्ञानात राहिले.

पाच, पहिल्या पगारापासून एक ठरावीक भाग म्हातारपणासाठी काढावा. घर बांधणे, बहिणीचे लग्न, भाच्याची फी ही कामे संपत नसतात.

सहा, येथे शिकविण्याचा किमान दोन-तीन वर्षांचा अनुभव घेऊनच निघावे. वर्ग सांभाळण्याची विद्या परक्या देशात जाऊन शिकता येत नाही.

परतल्यावर

२००८ मध्ये मी उकव्याला परतले. बाबा नव्हते, आई होती. आता तीही नाही. दोन खोल्यांच्या ओसरीवर संध्याकाळी दहा-पंधरा मुले येतात. कुणाचे वडील खाणीत आहेत, कुणाचे शेतात. तो काळा दगड माझ्याबरोबर परत आला आहे, आणि गोंडाइटचे नाव आता मी येथे सांगते. एका गोंड मुलीने ते ऐकून विचारले होते, "बाई, आमचं नाव दिलं, मंग आमाले विचारलं होतं का?" अदिस अबाबाच्या वर्गात अकरा देशांच्या मुलांना हा प्रश्न सुचला नव्हता.

२०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविणाऱ्या रणजितसिंह डिसले यांना मिळाला, हे आपण वाचले असेलच. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. पण मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटली. तेथील मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी त्या भाषेचा अभ्यास केला आणि पुस्तके मुलींच्या भाषेत आणली. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी बसतात, तेव्हा येथून निघणाऱ्या शिक्षकाला हे अवघड जाऊ नये.

परदेशी जावे की न जावे, याचा सल्ला मी देणार नाही. मी गेले, त्याचा मला पश्चात्ताप नाही. "हे आपल्याला कसे कळले?" हा प्रश्न मला तेथे मिळाला आणि तो मी येथे आणू शकले, हे माझ्या हिशोबी मोठे मिळकतीचे काम झाले. जे गेले ते निवृत्तिवेतन आणि सभेतील एक वर्षाचे मौन. पहिल्याची भरपाई काटकसरीने होते आहे. दुसऱ्याची व्हावयाची राहिली आहे. माझे ते सहकारी आता निवृत्त झाले आहेत. त्यांचे शेवटचे पत्र आले, त्यात त्यांनी आपल्या नातीने रसायनशास्त्र घेतल्याचे कळविले आहे, आणि उकव्याच्या दगडाचा एक तुकडा तिच्यासाठी मागितला आहे. तो मी या आठवड्यात पाठवीत आहे.